कोणती फाइल कुणाच्या हाती

विंडोजमध्ये एक लहानशी चौकट आहे. फाइलवर राइट क्लिक करायचं, 'ओपन विथ'वर जायचं आणि तिथून दुसरा प्रोग्राम निवडायचा पर्याय दाबायचा, की ती समोर येते. चार-सहा प्रोग्रामांची नावं, शेजारी त्यांची चित्रं, आणि दहाव्या आवृत्तीपर्यंत सगळ्यांत खाली एक रिकामा चौकोन: या प्रकारच्या फाइली यापुढे नेहमी यातच उघडायच्या का? अकराव्या आवृत्तीत त्या चौकोनाची दोन बटणं झाली, 'ऑलवेज' आणि 'जस्ट वन्स'. ही चौकट बहुतेकांनी घाईतच पाहिलेली असते, कारण काहीतरी अडल्याशिवाय तिची आठवण होत नाही. सेनगावसारख्या तालुक्याच्या गावी तर सेवा केंद्रातल्या एकाच संगणकावर दिवसभर खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांच्या फाइली उतरत असतात. समोर कुणीतरी मोबाइल पुढे धरून म्हणत असतं, "दादा, आधार उघडंना." मागे रांग असते. अशा वेळी चौकटीचं सौंदर्य कोण पाहणार?

मला मात्र संगणकाच्या साऱ्या रचनेत तिचं फार कौतुक वाटतं. एक जुना वाद तिने फारसा आवाज न करता मिटवला आहे. फाइल कुणी उघडायची हे ठरवायचा हक्क कुणाचा? फाइलच्या नावाचा, तिच्या कर्त्याचा, तिच्या आतल्या मजकुराचा, की ज्याच्या टेबलावर यंत्र ठेवलंय त्याचा? या चारही उत्तरांवर संगणक उभे राहिले आहेत, आणि प्रत्येक उत्तराच्या खुणा आजच्या यंत्रात शोधल्या तर सापडतात.

नावापासून सुरुवात करू. डॉसच्या काळात डिस्कवर प्रत्येक फाइलची एक नोंद असे, नेमकी ३२ बाइटची. त्यातले पहिले ८ बाइट नावाला, पुढचे ३ एक्स्टेन्शनला. नाव आखूड असेल तर उरलेल्या जागा रिकाम्या अक्षरांनी भरायच्या. आता यातली गंमत पाहा. ज्या टिंबाला आपण इतकं महत्त्व देतो, ते या नोंदीत कुठेच नसे. आठ आणि तीन या जागा आधीच ठरलेल्या असल्यामुळे मध्ये खूण करायची गरजच नव्हती. टिंब पडद्यावर दाखवताना घातलं जाई. फाइलचा प्रकार सांगायला अवघी तीन अक्षरं, तीही नावाच्या शेजारीच बसवलेली. इतक्या काटकसरीत केलेली ही सोय चाळीसहून अधिक वर्षं टिकली, आणि आज नावं अडीचशे अक्षरांपर्यंत लांब होऊ शकत असतानाही बहुतेक फाइलींच्या शेवटी तीनच अक्षरं असतात.

पण नावावरून प्रकार कळला तरी प्रोग्राम कसा कळणार? सुरुवातीच्या विंडोजने त्यासाठी 'विन डॉट आयएनआय' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत एक विभाग ठेवला होता. एका ओळीत एक एक्स्टेन्शन, बरोबरचं चिन्ह, पुढे प्रोग्रामचं नाव, आणि त्यापुढे फाइलच्या नावाच्या जागी एक टोपीसारखी खूण. कुणीही नोटपॅडमध्ये उघडून वाचावं आणि बदलावं, इतकं उघड. मग १९९२ मध्ये विंडोज ३.१ आलं आणि त्याच्यासोबत नोंदवहीची पहिली आवृत्ती, जिला पुढे रजिस्ट्री हे नाव रूढ झालं. रजिस्ट्रीचं नाव काढलं की आजही दुकानातली जाणती माणसं हात मागे घेतात. पण त्या भीतीपलीकडे एक देखणी रचना आहे, ती जवळून पाहण्यासारखी आहे.

रजिस्ट्रीत एक्स्टेन्शनला थेट प्रोग्राम जोडलेला नाही. मध्ये एक पायरी आहे. 'डॉट टीएक्सटी'पुढे लिहिलेलं असतं फक्त 'टीएक्सटीफाइल'. हे ना फाइलचं नाव, ना प्रोग्रामचं. ते एका जातीचं नाव आहे. त्या जातीची स्वतंत्र नोंद दुसरीकडे असते आणि तिच्यात प्रोग्रामचा पत्ता मिळतो. एवढा वळसा कशाला, असं वाटेल. पण 'जेपीजी' आणि 'जेपीईजी' ही दोन एक्स्टेन्शनं असून माल एकच आहे. दोन्हींच्या पुढे जातीचं नाव एकच लिहायचं, की प्रोग्राम एकदाच बदलला तरी दोघांचं भागतं. 'एचटीएम' आणि 'एचटीएमएल'चंही तसंच. मधली ही एक ओळ नसती तर प्रत्येक बदल तितक्या ठिकाणी करावा लागला असता. संगणकशास्त्रात अशा आडवळणाच्या जोडणीला फार मान आहे, आणि तिचं इतकं नेटकं उदाहरण आपल्याच टेबलावर पडून असतं.

त्या जातीच्या नोंदीतही आणखी एक बारकावा आहे: तिथे प्रोग्राम नसतो, क्रिया असतात. उघडणे, संपादन करणे, छापणे. प्रत्येक क्रियेखाली वेगळी आज्ञा. म्हणून फोटोवर डबल क्लिक केलं तर तो पाहायच्या प्रोग्रामात उघडतो, पण राइट क्लिक करून 'एडिट' म्हटलं तर पेंटमध्ये जातो. याचं खरं शहाणपण बॅच फाइलीत दिसतं. तिच्यावर डबल क्लिक केलं की ती चालते, आतल्या आज्ञा एकापाठोपाठ एक पार पाडते. पण 'एडिट' म्हटलं की तीच फाइल नोटपॅडमध्ये वाचायला मिळते. एकाच कागदाशी वागायच्या दोन रीती, आणि कोणती कधी हे सांगायला एक क्रियापद पुरतं. नामं बदलत राहतात, क्रियापदं तीच राहतात. एखाद्या चांगल्या व्याकरणकाराने बसून केलं असावं असं हे काम आहे.

आणि आज्ञेच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि १. फाइलचा पत्ता इथे भरा, असा त्याचा अर्थ. या जोडीभोवती बहुतेक प्रोग्रामांनी अवतरणचिन्हं घातलेली असतात, कारण पत्त्यात मोकळ्या जागा असू शकतात. 'सोयाबीन पावती २' असं फाइलचं नाव असेल आणि अवतरणं नसतील, तर बिचारा प्रोग्राम तीन फाइली शोधायला निघतो आणि एकही सापडत नाही म्हणून तक्रार करतो. जुन्या नोटपॅडच्या नोंदीत मात्र ही अवतरणं नव्हती! विसरली म्हणून नव्हे. नोटपॅड आपल्या नावापुढे जे काही येईल ते सगळं मिळून एकच पत्ता मानायचा, मग त्यात कितीही मोकळ्या जागा असोत. जगातल्या सर्वांत साध्या प्रोग्रामने आपला साधेपणा असा कामी आणला, याचं मला प्रत्येक वेळी नव्याने हसू येतं.

आता सेनगावात येऊ, कारण या नोंदी तिथे कशा बोलतात ते पाहायला हवं. सरकारी अर्जाला फोटो लागतो, तो जेपीजी हवा असतो, ठराविक केबीच्या आत हवा असतो. ब्राउझरमध्ये उघडलेला फोटो 'सेव्ह ॲज' केला की पुष्कळ संगणकांवर त्याला 'जेएफआयएफ' असं शेपूट लागतं. पोर्टल म्हणतं, हा प्रकार चालणार नाही. फोटो घेईना, घेईना म्हणता म्हणता अर्जाची वेळ संपते. दोष फोटोचा नाही, फोटो काढणाऱ्याचाही नाही. रजिस्ट्रीत आणखी एक उलटी यादी असते: वेबच्या भाषेतला प्रकार अमुक असेल तर एक्स्टेन्शन कोणतं लावायचं. १९९२ मध्ये इंटरनेटवरच्या पत्रांसाठी नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइमचा नियम मांडला, त्यात प्रत्येक मजकुराला मधल्या तिरक्या रेषेसह दुहेरी नाव मिळालं. फोटोचं 'इमेज/जेपीईजी' हे त्यातलंच. त्या नावापुढे विंडोजच्या यादीत 'जेएफआयएफ' लिहिलेलं राहिलं, आणि ब्राउझर ते इमानेइतबारे वाचतो. जेएफआयएफ हे खरं तर जेपीईजी फोटो ज्या पाकिटात घालतात त्याच्या रचनेचं नाव. म्हणजे यादी चुकीचं बोलत नव्हती, फक्त पोर्टलला न समजणारं बोलत होती. फाइलचं शेपूट हाताने 'जेपीजी' केलं की काम होतं, कारण आतला माल बदलतच नाही. सेवा केंद्रातला मुलगा हे दोन सेकंदांत करतो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो. पण त्या दोन सेकंदांत त्याने नाव आणि मजकूर या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हा धडा वापरलेला असतो.

मजकुरालाच प्रमाण मानणारं घराणं युनिक्सचं. तिथे १९७३ च्या आवृत्तीपासून 'फाइल' नावाचीच एक आज्ञा आहे. ती नाव पाहत नाही. फाइलचे पहिले काही बाइट उघडून पाहते. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. झिप फाइलीच्या तोंडाशी पीके, म्हणजे झिपची रचना करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. विंडोजच्या एक्झे फाइलीच्या आरंभी एमझेड, मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची. कारागिराने दगडाच्या कोपऱ्यात आपली खूण सोडावी, तशा या खुणा आज अब्जावधी फाइलींच्या डोक्यावर मिरवत आहेत, आणि उघडणाऱ्याला त्या क्वचितच दिसतात.

या खुणांचं माझं आवडतं उदाहरण लग्नपत्रिकेतलं आहे. आपल्याकडे पत्रिका, फ्लेक्स, वास्तुशांतीची निमंत्रणं यांचं काम वर्षानुवर्षं कोरल ड्रॉमध्ये चालत आलेलं आहे, मजकुराला श्रीलिपीसारखे फाँट. कोरलच्या सीडीआर फाइलीची सुरुवात जुन्या आवृत्त्यांत 'आरआयएफएफ' या चार अक्षरांनी होते. एक्स फोर आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, तीच सीडीआर प्रत्यक्षात एक झिप पेटी झाली. तिच्या तोंडाशी पीके आलं. बाहेरून नाव तेच, चित्र तेच, आतली मांडणी पूर्ण वेगळी. त्यामुळे २००४ च्या कोरल १२ वर काम करणाऱ्या दुकानात जिल्ह्याच्या गावाहून नव्या आवृत्तीतली पत्रिका आली, की डबल क्लिक करून काहीच होत नाही. मग फोन जातो: "१२ मध्ये सेव्ह करून पाठवा ना." हे वाक्य डीटीपीच्या धंद्यात सगळीकडे ऐकू येतं. कोरल स्वतः सेव्ह करताना आवृत्ती निवडायची खिडकी देतं, आणि त्या खिडकीमुळे कित्येक पत्रिका मुहूर्ताआधी छापून निघाल्या आहेत. एकाच संगणकावर दोन आवृत्त्या असतील तर डबल क्लिक बहुधा शेवटी बसवलेल्या आवृत्तीच्या वाट्याला जातं. अनुभवी माणूस मग डबल क्लिक करतच नाही; आधी हवी ती आवृत्ती सुरू करतो आणि आतून फाइल बोलावतो. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यात कुणाचा हुकूम चालतो याची पक्की जाण आहे.

कर्त्याला मान देणारं घराणं ॲपलचं. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये प्रत्येक फाइलशी चार-चार अक्षरांचे दोन संकेत ठेवलेले असत: एक प्रकाराचा, दुसरा ती बनवणाऱ्या प्रोग्रामचा. मजकुराच्या दोन फाइली शेजारी ठेवल्या तरी प्रत्येक आपल्या जन्मदात्या प्रोग्राममध्ये उघडे, आणि नावात एक्स्टेन्शनची गरजच नसे. हे फार देखणं होतं. पण फाइल मॅकबाहेर गेली की ते संकेत वाटेत गळून पडत, आणि २००९ च्या स्नो लेपर्डने कर्त्याचा संकेत मानणं सोडून दिलं. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण निर्णय योग्य होता असंही वाटतं. फाइलचा प्रवास वाढला की तिच्या जन्मगावापेक्षा ती ज्याच्या घरी पोचली त्याचं म्हणणं जास्त महत्त्वाचं ठरतं.

विंडोजच्या या सुंदर घरात एक पायरी मात्र धोक्याची आहे, आणि रसिकाने तीही दाखवायला हवी. विंडोज ९५ पासून ओळखीची एक्स्टेन्शनं लपवून ठेवायची सवय लागली. पडदा स्वच्छ दिसतो हे खरं. पण मे २००० मध्ये ईमेलमधून 'लव्ह लेटर फॉर यू' नावाची फाइल जगभर पसरली. नावाच्या शेवटी टीएक्सटी, आणि त्याच्याही पुढे, लपवलेलं, व्हीबीएस. लोकांना साधं पत्र दिसलं, डबल क्लिकला मात्र चालणारी आज्ञावली मिळाली. नाव पाहून निवड करणाऱ्या रचनेत नावाचा शेवटचा भागच झाकणं, हे मला आजही न उलगडणारं सौंदर्य आहे. सेवा केंद्रातल्या संगणकावर पहिलं काम करायचं तर 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्स्टेन्शनं दिसू द्यावीत.

आता चौथं उत्तर, मालकाचं. आधी कुठलाही प्रोग्राम बसवला की तो गुपचूप पाच-पंचवीस फाइलींचे प्रकार आपल्या नावावर करून घेत असे. गाणी वाजवणारा आला की सगळी गाणी त्याची, फोटोवाला आला की फोटो त्याचे. २०१२ च्या विंडोज आठपासून मालकाच्या निवडीच्या नोंदीशेजारी एक कूट आकडा ठेवला जाऊ लागला. तो आकडा वापरणाऱ्याची ओळख, एक्स्टेन्शन, निवडलेला प्रोग्राम आणि नोंदीची वेळ यांतून काढलेला असतो. बाहेरच्या प्रोग्रामने नाव बदललं तर आकडा जुळत नाही, आणि विंडोज ती निवड रद्द करून मूळ पर्यायावर जातं, तसं कळवतंही. खरेदीखत झालं म्हणून सातबारा बदलत नाही, फेरफार प्रमाणित व्हावा लागतो, हे ज्या तालुक्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे तिथे हा नियम समजावायला नको. या रखवालीवर टीकाही झाली: २०१५ मध्ये विंडोज दहा आलं तेव्हा लोकांची आधीची ब्राउझरची निवड बाजूला पडते म्हणून मोझिलाचे प्रमुख ख्रिस बीअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांना जाहीर पत्र लिहिलं. आणि २०२१ मध्ये अकरावी आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक प्रकारासाठी वेगळं निवडावं लागे, ते २०२२ मध्ये ब्राउझरपुरतं एका बटणावर आलं. रखवालदारच कधी कधी मालकासारखा वागतो, हे खरं. तरी त्या कूट आकड्याच्या कल्पनेचं मोल कमी होत नाही: मालकाची इच्छा नुसती लिहून ठेवायची नाही, तर ती त्याचीच आहे हे ताडून पाहता येईल अशी लिहायची.

ही निवड प्रत्यक्षात किती मोठी असते, हे सेनगावच्या टेबलावर ई-आधारमध्ये दिसतं. फाइल पीडीएफ. परवलीचा शब्द म्हणून नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मसाल. विंडोज दहामध्ये पीडीएफ न सांगता ब्राउझरकडे गेलेली असते, म्हणून फाइल ब्राउझरमध्ये उघडते. कागद नीट दिसतो, छापताही येतो. खाली सहीच्या जागी 'व्हॅलिडिटी अननोन' आणि प्रश्नचिन्ह. आता तीच फाइल, एक बाइटही न बदलता, ॲडोबीच्या मोफत रीडरमध्ये उघडा. इथे प्रश्नचिन्ह नुसतं चित्र नसतं. त्यावर राइट क्लिक करून सही तपासता येते. पीडीएफमध्ये सहीसोबत चार आकडे ठेवलेले असतात: पहिला भाग कुठून सुरू होतो आणि किती लांब, दुसरा कुठून आणि किती. दोन भागांमध्ये नेमकं सहीपुरतं भोक सोडलेलं असतं, कारण सही स्वतःवर सही करू शकत नाही. उरलेला प्रत्येक बाइट त्या सहीच्या कक्षेत येतो. जन्मतारखेतला एक आकडा कुणी बदलला, तर रीडरला ते लगेच कळतं. कागदाच्या आत एवढी राखण असूनही ती जागी होते ती योग्य प्रोग्रामने फाइल उघडली तरच.

त्यातही शेवटची एक पायरी आहे. रीडर प्रश्नचिन्ह काढत नाही, कारण भारताच्या प्रमाणन नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सहीच्या गुणधर्मांत जाऊन ते प्रमाणपत्र विश्वासाच्या यादीत घातलं, की हिरवी खूण येते. आणि त्यानंतर त्या संगणकावर त्याच प्रमाणपत्राखालच्या सह्या असलेली सगळी कागदपत्रं आपोआप तपासली जातात. पीडीएफ कशात उघडायची, हे मालक एकदा सांगतो. कुणाची सही मानायची, हेही एकदाच सांगतो. त्यानंतर समोर उभ्या असलेल्या माणसाला फक्त हिरवी खूण दिसते. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेलं तर पहिल्याच पानावर 'ओपन्स विथ' आणि पुढे 'चेंज' असं एक बटण असतं. तिथे 'एकदाच' असा पर्यायच नाही, जे ठरवाल ते कायमचं. सेवा केंद्रात मी तरी पीडीएफसाठी हाच रस्ता घेईन.

एका बाबतीत लिनक्सचं घराणं पुढे आहे, तेवढं सांगून थांबतो. तिथे ही सगळी निवड 'माइमॲप्स डॉट लिस्ट' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते, जुन्या 'विन डॉट आयएनआय'सारखी, कुणालाही वाचता यावी अशी. तिच्यात तीन विभाग. पहिला, कोणता प्रकार कुणाकडे जायचा. दुसरा, आणखी कोण कोण तो उघडू शकतं. आणि तिसरा विभाग नकाराचा: हा प्रोग्राम या प्रकाराला कधीच सुचवू नका. विंडोजच्या त्या चौकटीत नको असलेला प्रोग्राम पुन्हा पुन्हा यादीत डोकावत राहतो, पण त्याला कायमचं बाहेर ठेवायचं बटण मालकाला तिथे दिलेलं नाही.